माशीला माशी

उसांबाराच्या डोंगरात धुकं खिडकीतून आत येतं
आणि वाचनालयात बसून राहतं, जुन्या सभासदासारखं.
पुस्तकांनाही दमा लागतो, म्झे शेमहिलू म्हणतात.
म्हणून ऊन असलं की दोन ते तीन कपाटं उघडी,
आणि म्हातारबुवा दाराशी, काठी घेऊन,
माकडं आत येऊ नयेत म्हणून.

मी आले होते एका आकड्यासाठी.
म्कुलो, आमच्या डोंगरातलं कापराच्या वासाचं झाड,
वर्षाला जाड होतं एक पूर्णांक दोन मिलिमीटर.
सगळे हेच सांगतात.
मीही सांगितलंय, प्रबंधात, पान एकवीस.
इतक्या सावकाश वाढणारं झाड लावणार कोण?
म्हणून समोरच्या उतारावर निलगिरी उभी,
शाळेच्या प्रार्थनेसारखी, रांगेत.

या खेपेला म्हटलं, मूळ बघू.

मोरोगोरोचा अहवाल, तळटीप: पाहा, थ्रॉकली, छप्पन्न.
थ्रॉकली तिसऱ्या कपाटात,
अर्धा वाळवीने वाचून संपवलेला.
उरलेला म्हणतो: पाहा, वार्षिक वृत्तान्त, चौतीस.
वृत्तान्तात नुसतं: तत्रैव.
कुठे तत्रैव?
आधीचं पान कुणीतरी नेलेलं,
बहुधा शेंगदाणे बांधायला.

शेमहिलूंनी कार्डांच्या खणात बोटं घातली,
तांदूळ निवडावेत तशी.
"ही कार्डं माझ्या मामाने लिहिली.
त्याच्या जिभेला र आणि ल एकच.
म्कुरो बघ."

म्कुरो सापडलं.
वही, एकोणीसशे अकरा, नववा पट्टा.
ल्युडेके नावाच्या कुणा मदतनिसाचं अक्षर,
मुंग्या शिस्तीत चाललेल्या.
पान सत्तेचाळीस. १.२
तोच आकडा.
सुटले, असं वाटलं. थोडी हिरमुसलेही.
वही मिटणार, तेवढ्यात समोर भिंग आलं,
त्याची मूठ सायकलच्या ब्रेकची.
"जर्मन माणूस दशांशाला टिंब देत नाही, म्वानाइशा.
स्वल्पविराम देतो."

वरच्या ओळीत ९,५.
खाली ७,२.
पानभर शेपट्याच शेपट्या.
इथेच तेवढं टिंब. तपकिरी. किंचित फुगीर.
नखाला लागलं.

कुठल्याशा दुपारी एक माशी
एक आणि दोनच्या मध्ये बसली होती,
आणि आपलं काम उरकून उडाली होती.

बारा.
वर्षाला बारा मिलिमीटर.
चौतीस सालचा कारकून, थ्रॉकली, मोरोगोरो,
लागवडीचे तीन आराखडे,
आणि पान एकवीसवर मी.

रुमाल काढला पुसायला,
तर शेमहिलूंनी मनगट धरलं, हलकेच,
भरल्या कपाला धक्का लागू नये तसं.
"पुसलंस तर पुढच्याला कळेल कसं,
आपण चुकलो कुठे ते?"

दुसऱ्या दिवशी नवव्या पट्ट्यात गेले.
एका पानावर भरवसा ठेवून एकदा फसले होतेच.
उरलेत चार म्कुलो.
एकाच्या सालीने जस्ताचा बिल्ला गिळलाय,
शेवटचा सात तेवढा बाहेर, बुडणाऱ्याच्या हातासारखा.
फीत गुंडाळली. ओली साल, जळवा, वाकलेली मी.
आकडा मिळाला,
पण एका मापाने वाढ कळत नाही.
पुढच्या वर्षी परत यावं लागेल, आणि त्याच्या पुढच्या.

दार-एस-सलामला तिघांना कळवलं.
एकाचंच उत्तर आलं:
माशीला काही संदर्भ आहे का?

संध्याकाळी शेमहिलूंनी कोरं कार्ड घेतलं,
पेन्सिलीला जीभ लावली, लिहिलं:
म्कुलो, वाढ. वही १९११, पान ४७. माशीसह पाहावे.
ल च्या खणात नीट उभं केलं.

मग थोडं थांबून
तसंच आणखी एक लिहिलं, र खाली.
मामासाठी.